वेगवान रेल्वेचा ताळेबंद कुणापुढे मांडायचा?

मुंबई आणि अहमदाबाद यांना जोडणारी अतिवेगवान रेल्वे, जिला सगळे बुलेट ट्रेन म्हणूनच ओळखतात, ती बांधण्याची जबाबदारी नेमकी कुणावर आहे आणि त्या कामाचा हिशेब कुणी, कुणाला, केव्हा द्यायचा, हा प्रश्न १४ सप्टेंबर २०१७ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि जपानचे तत्कालीन पंतप्रधान शिंझो आबे यांच्या हस्ते अहमदाबादेत भूमिपूजन झाले तेव्हापासून संसदेत, न्यायालयांत आणि पालघरच्या ग्रामसभांत वेगवेगळ्या रूपांत पुढे येत राहिला आहे. मात्र ‘गाडी हवी की नको’ या एकाच वादात तो बहुधा वाहून जातो आणि शासनाच्या उत्तरदायित्वाचा मुद्दा बाजूला पडतो. वास्तविक गाडी हवी असे मानणाऱ्यालाही तिचा हिशेब मागण्याचा तितकाच हक्क आहे, किंबहुना त्याने तो अधिक आग्रहाने मागायला हवा, कारण हिशेबाविना चाललेले काम लांबले तर नुकसान त्याच्याच अपेक्षेचे होते.

उत्तरदायित्वाचे तीन भाग असतात: ज्याच्या हाती सत्ता आणि पैसा सोपवला आहे त्याने कामाची माहिती वेळेवर देणे, घेतलेल्या निर्णयांची कारणे सांगणे, आणि हिशेब जुळत नसेल तर निर्णय बदलण्याची किंवा त्याचे परिणाम सोसण्याची तयारी ठेवणे. यांतला तिसरा भाग गळला की उरलेले दोन प्रसिद्धिपत्रकापलीकडे जात नाहीत. हे तिन्ही भाग एकत्र नांदताना पाहायचे असतील तर त्यासाठी परदेशी अभ्यासदौऱ्याची गरज नाही. नगर तालुक्यातले हिवरे बाजार त्यासाठी पुरेसे आहे, जरी त्या गावच्या शिवारातून बुलेट ट्रेन जात नसली तरी.

अहिल्यानगर शहराच्या पश्चिमेला असलेले हे गाव पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते. तिथे वर्षाकाठी सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास, आणि अनेक वर्षी त्याहूनही कमी पाऊस पडतो. १९७२ च्या दुष्काळानंतर विस्कटलेल्या या गावाने १९८९ साली पोपटराव पवार यांना बिनविरोध सरपंच केले, पुढे आदर्श गाव योजनेत भाग घेतला, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी, नशाबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री स्वीकारली, आणि रोजगार हमीच्या कामांतून डोंगरउतारावर समतल चर, खाली पाझर तलाव आणि बंधारे उभे केले. हा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे आणि २०२० साली पवारांना पद्मश्री जाहीर झाल्यावर तो पुन्हा एकदा सर्वत्र सांगितला गेला. त्या मानाने कमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे या शतकाच्या पहिल्या दशकापासून गावाने सुरू केलेला पाण्याचा ताळेबंद, म्हणजे वर्षभरात आलेले, मुरलेले, साठलेले आणि लागणारे पाणी यांची मांडणी.

या ताळेबंदाची पद्धत कुणालाही समजेल इतकी सरळ आहे. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा हजार लिटर पाणी येते. गावाचे क्षेत्र सुमारे पावणेदहाशे हेक्टर धरले तर दर मिलिमीटरमागे शिवारावर जवळजवळ एक कोटी लिटर पाणी पडते. त्यातून बाष्पीभवनाने उडून गेलेले, ओढ्यावाटे वाहून गेलेले आणि मातीच्या ओलाव्यात राहिलेले पाणी वजा केले की तलावांत आणि विहिरींत किती उरले याचा अंदाज मिळतो, आणि तो अंदाज भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या मदतीने निरीक्षण विहिरींतल्या पातळीशी ताडून पाहिला जातो. मग ग्रामसभेत आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढले जाते आणि उरलेल्या पाण्यावर रब्बीत काय आणि किती पेरायचे ते ठरते. उसासारख्या तहानलेल्या पिकाला आणि शेतीसाठी बोअरवेल घेण्याला गावाने मनाई केली आहे. पाऊस कमी झालेल्या वर्षी रब्बीचे क्षेत्र कमी केले जाते, आणि ज्याचे क्षेत्र कमी होते तोही त्या सभेत बसलेला असतो.

या व्यवस्थेचे खरे बळ तिच्या आकडेमोडीत नाही. हिशेब ऐकणारा आणि तोटा सोसणारा माणूस तिथे एकच असतो, सांगितलेला आकडा त्याला आपल्या विहिरीच्या काठावर उभे राहून पडताळता येतो, आणि हिशेब पेरणीच्या आधी मांडला जात असल्यामुळे त्यावरून निर्णय बदलता येतो. जेमतेम तेराशे वस्तीच्या गावाची ही रीत ५०८ किलोमीटरच्या रेल्वेला जशीच्या तशी लावता येणार नाही, हे उघड आहे. तरी ऐकणारा कोण, पडताळणी कशी आणि हिशेबाची वेळ कोणती, हे तीन प्रश्न मोठ्या प्रकल्पालाही विचारता येतात, आणि ते विचारल्यावर बुलेट ट्रेनच्या कारभारातल्या उणिवा कुठे आहेत ते बऱ्यापैकी स्पष्ट होते.

या रेल्वेची बांधणी भारतीय रेल्वेचा एखादा विभाग करत नाही. त्यासाठी फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनी कायद्याखाली ‘नॅशनल हायस्पीड रेल कॉर्पोरेशन लिमिटेड’ ही स्वतंत्र कंपनी स्थापन झाली, जिच्यात केंद्र सरकारचा वाटा निम्मा, म्हणजे दहा हजार कोटी रुपयांचा, आणि महाराष्ट्र व गुजरात यांचा प्रत्येकी पाव, म्हणजे पाच-पाच हजार कोटींचा आहे. मार्गाच्या ५०८ किलोमीटरपैकी सुमारे ३४८ गुजरातेत, १५६ महाराष्ट्रात आणि चारच्या आसपास दादरा-नगर हवेलीत येतात. बारा स्थानकांपैकी वांद्रे-कुर्ला संकुल, ठाणे, विरार आणि बोईसर ही चार महाराष्ट्रात आहेत. म्हणजे लांबीतला वाटा तीस टक्क्यांच्या थोडा वर आणि भांडवलातला वाटा गुजरातइतकाच, अशी ही भागीदारी आहे. ती न्याय्य आहे की नाही यावर दुमत होऊ शकते, कारण मुंबईकडचा बोगद्यांचा भाग बांधायला सर्वांत अवघड आहे; पण पाच हजार कोटी देणाऱ्या राज्याच्या विधिमंडळाने ही मांडणी आकड्यांनिशी तपासून तिच्यावर आपले मत नोंदवावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

प्रकल्पासाठी अशी वेगळी कंपनी काढण्याची रीत नवी नाही. १९९० साली स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळातही रेल्वे मंत्रालयाबरोबर महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ ही राज्ये भागीदार होती, मधू दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी तिचा राजकीय पाठपुरावा केला, ई. श्रीधरन यांनी ती बांधली, आणि जानेवारी १९९८ मध्ये ती पूर्ण मार्गावर सुरू झाली. गोव्यात तिच्या मार्गावरून मोठे आंदोलन उभे राहिले तेव्हा काम काही काळ थांबवून निवृत्त न्यायमूर्ती ओझा यांच्याकडे मार्गाची चौकशी सोपवण्यात आली. मार्ग शेवटी फारसा बदलला नाही, पण आक्षेप घेणाऱ्यांना ऐकून घेणारे एक अधिकृत ठिकाण मिळाले, आणि ज्या प्रकल्पाला नंतर सगळ्या कोकणाने आपले मानले त्याच्या वाटचालीत त्या थांब्याचाही वाटा आहे.

कंपनी स्वतंत्र असली की काम वेगाने होते, कारण निविदा, नेमणुका आणि खर्चाचे निर्णय मंत्रालयाच्या फायलींत अडकत नाहीत. पण त्याच कारणाने जबाबदारी सरकून बसण्याची सोयही होते. मंत्री म्हणतात, बांधणी कंपनी करते. कंपनी म्हणते, जमीन राज्याने द्यायची आहे. राज्य म्हणते, धोरण केंद्राचे आहे. कायद्याने या कंपनीवर देखरेख नाही असे मुळीच नव्हे. केंद्र आणि राज्ये मिळून निम्म्याहून अधिक भांडवल धारण करत असल्यामुळे ती सरकारी कंपनी ठरते, तिचे हिशेब भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक, म्हणजे ज्यांना वृत्तपत्रे कॅग म्हणतात ते, तपासू शकतात, संसदेची रेल्वेविषयक स्थायी समिती तिच्या अधिकाऱ्यांना बोलावू शकते आणि खासदार प्रश्न विचारू शकतात. परंतु लेखापरीक्षण स्वभावतःच खर्च झाल्यानंतर येते. शिवाय २०१७ पासून स्वतंत्र रेल्वे अर्थसंकल्प सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिसळला गेल्यामुळे वर्षातून एकदा केवळ रेल्वेच्या हिशेबावर देशाचे लक्ष केंद्रित होण्याची जी वेळ ठरलेली होती तीही गेली. हिवरे बाजारात हिशेब पेरणीआधी होतो. इथे तो कापणीनंतर, आणि तोही दिल्लीत, अशी ही तफावत आहे.

माहिती अधिकाराचा कायदा ही त्यातली एक मोठी फट भरून काढणारी गोष्ट आहे, आणि तिचे एक मूळ पुन्हा नगर जिल्ह्यातच, पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने महाराष्ट्रात २००२ साली माहिती अधिकाराचा कायदा आला आणि २००५ मध्ये देशभरासाठी केंद्राचा कायदा झाला. या कायद्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक प्राधिकरणावर अशी जबाबदारी टाकली आहे की कुणी अर्ज करण्याची वाट न पाहता महत्त्वाच्या निर्णयांची आणि त्यामागच्या कारणांची माहिती त्याने आपणहून प्रसिद्ध करावी. २०१७ साली मुंबईतले माहिती अधिकार कार्यकर्ते अनिल गलगली यांनी मागवलेल्या माहितीत पश्चिम रेल्वेने दिलेल्या आकड्यांवरून मुंबई-अहमदाबाद मार्गावरच्या तेव्हाच्या गाड्यांत तीन महिन्यांत सुमारे चाळीस टक्के जागा रिकाम्या राहिल्याचे चित्र पुढे आले. रेल्वेने त्या आकड्यांचा तो अर्थ नाकारला, आणि मधल्या स्थानकांवर चढ-उतार करणारे प्रवासी धरले तर चित्र बदलते हा युक्तिवाद विचारात घेण्याजोगाही आहे. पण ज्या मार्गावर एवढी गुंतवणूक होणार त्यावर प्रवासी किती याची चर्चा भूमिपूजन झाल्यावर आणि एका नागरिकाच्या अर्जामुळे व्हावी, यातच उणीव दिसते.

पैशाची बाजू याहून गुंतागुंतीची आहे आणि ती सामान्य वाचकापर्यंत फार ढोबळपणे पोचली आहे. मूळ अंदाज सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा होता, म्हणजे किलोमीटरमागे दोनशे कोटींहून अधिक. त्यातले सुमारे ८१ टक्के, म्हणजे ८८ हजार कोटींच्या घरातली रक्कम, जपान आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेकडून, जी जायका या आद्याक्षरांनी ओळखली जाते, ०.१ टक्का व्याजाने ५० वर्षांसाठी कर्जरूपाने मिळायची, आणि पहिली १५ वर्षे मुद्दलाची परतफेड नाही, अशी अट होती. सोप्या हिशेबाने पूर्ण कर्जावर वर्षाचे व्याज ८८ कोटी होते, जे खरोखरच नगण्य आहे. पण पंधरा वर्षांनंतरच्या पस्तीस वर्षांत मुद्दल समान हप्त्यांनी फेडायचे म्हटले तर दरसाल अडीच हजार कोटी रुपये लागतात, तेही रुपया आणि येन यांचा विनिमयदर इतकी वर्षे आजच्यासारखाच राहिला असे धरून. कर्ज येनमध्ये असल्यामुळे रुपया घसरला तर मुद्दल वाढते. त्यामुळे ‘जवळजवळ फुकट कर्ज’ हे वर्णन अर्धेच खरे आहे. परतफेडीचा मुख्य भार आज शाळेत असलेल्या मुलांच्या करांवर पडणार असल्याने, वाढलेल्या खर्चाचा प्रत्येक सुधारित अंदाज कारणांसह संसदेपुढे आणि दोन्ही विधिमंडळांपुढे ठरलेल्या तारखेला येणे आवश्यक आहे.

उत्तरदायित्वाची खरी कसोटी मात्र जमिनीपाशी लागली. महाराष्ट्रातल्या मार्गाचा मोठा भाग पालघर जिल्ह्यातून, तलासरी, डहाणू, पालघर आणि वसई या तालुक्यांतून जातो आणि त्यातला बराच प्रदेश राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासींच्या संरक्षणासाठी राखलेल्या क्षेत्रात मोडतो. अशा क्षेत्राला १९९६ चा ‘पेसा’ हा कायदा लागू होतो, ज्याने ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आणि भूसंपादनाआधी तिच्याशी किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी विचारविनिमय बंधनकारक केला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याचे ४१ वे कलम याच्याही पुढे जाऊन अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची किंवा संबंधित पंचायतीची पूर्वसंमती मागते. भूमिसेना, आदिवासी एकता परिषद आणि कष्टकरी संघटना यांसारख्या संघटनांनी विरोध संघटित केला आणि अनेक गावांच्या ग्रामसभांनी जमीन न देण्याचे ठराव केले. पुढे मोबदला वाढवून, गावांशी वाटाघाटी करून आणि थेट खरेदीचा मार्ग वापरून संपादन होत गेले, आणि जानेवारी २०२४ मध्ये प्रकल्पासाठीच्या जमिनीचे शंभर टक्के संपादन झाल्याचे रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी जाहीर केले.

या शंभर टक्क्यांत काही संमती मनापासूनची असेल, काही थकव्यातून आलेली असेल आणि काही ‘नाहीतरी जाणारच आहे’ या हिशेबातून आलेली असेल. अंतिम आकडा यांत फरक करत नाही. विरोधाच्या ठरावाला कोणते उत्तर मिळाले, तो मागे घेतला गेला असेल तर कोणत्या आश्वासनावर, आणि ते आश्वासन पाळले गेले का, याची गावनिहाय नोंद सार्वजनिक असती तर ग्रामसभेच्या अधिकाराला अर्थ राहिला असता. अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या गावांना तर एवढेही संरक्षण नाही. सरकारच्या स्वतःच्या सार्वजनिक प्रकल्पासाठी जमीन घेताना बिगर-अनुसूचित गावात ग्रामसभेची संमती कायद्याने आवश्यक नसते, म्हणजे पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या हिवरे बाजारसारख्या गावालाही उद्या एखादा मार्ग त्याच्या शिवारातून आखला गेला तर आक्षेप नोंदवता येईल, नकार देता येणार नाही.

२०१३ च्या कायद्यात यावर एक उपाय होता. संपादनाआधी सामाजिक परिणामांचे मूल्यमापन व्हावे, म्हणजे किती कुटुंबांची उपजीविका जाते, विहिरी, गायराने, वाटा यांचे काय होते, भूमिहीन मजुरांवर काय परिणाम होतो, आणि या सगळ्याच्या तुलनेत प्रकल्पाचे सार्वजनिक हित किती, याचा अभ्यास जनसुनावणीसह व्हावा, अशी त्याची अपेक्षा होती. महाराष्ट्राने २०१८ मध्ये राज्यापुरती दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना या प्रकरणातून सूट देण्याचा अधिकार शासनाकडे घेतला आणि बुलेट ट्रेनला ती सूट मिळाली. विक्रोळीतल्या जमिनीवरून गोदरेज अँड बॉइस कंपनीने केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये फेटाळली, त्या वेळी ही सूट वैध ठरली आणि प्रकल्प राष्ट्रीय महत्त्वाचा व सार्वजनिक हिताचा असल्याचे न्यायालयाने म्हटले. कायदेशीर प्रश्न तिथे संपला. लोकशाहीतला प्रश्न त्याने संपत नाही, कारण ज्या अभ्यासातून बाधितांना प्रकल्पाचे सामाजिक मोल आधी कळले असते तो अभ्यासच गाळला गेला, आणि गाळण्याचा निर्णय घेणारे राज्य सरकार स्वतः त्या कंपनीत पाव हिश्शाचे मालक होते. भूसंपादनाच्या सुनावण्या घेणारे प्रांताधिकारीही त्याच शासनाचे असतात. भागधारक आणि निवाडा करणारा एकाच छत्राखाली आल्यावर कारणे देण्याची जबाबदारी वाढायला हवी होती. ती कमी झाली.

पर्यावरणाच्या बाबतीतही असाच एक विचित्र पेच आहे. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम अधिसूचनेच्या यादीत रेल्वे प्रकल्प नसल्यामुळे रेल्वेला पर्यावरणाची पूर्वपरवानगी लागत नाही. बुलेट ट्रेनचा पर्यावरणीय अभ्यास झाला, पण तसा अभ्यास ही कर्ज देणाऱ्या जपानी संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांची मागणी होती. वन, किनारपट्टी आणि वन्यजीव यांविषयीचे कायदे वेगळे असल्यामुळे त्या परवानग्या घ्याव्या लागल्या, आणि कांदळवनाला हात लावायचा तर उच्च न्यायालयाची अनुमती लागत असल्यामुळे तिथे मात्र हिशेब बारकाईने झाला: आधी सुमारे ५३ हजार कांदळवृक्ष तोडावे लागतील असे सांगितले गेले होते, आराखडा बदलून तो आकडा बावीस हजारांच्या आसपास आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने अटींसह परवानगी दिली. जिथे परवानगी मागावी लागते तिथे आराखडा निम्म्याहून अधिक सुधारतो, हे या एका उदाहरणाने दाखवून दिले आहे, आणि उत्तरदायित्वामुळे कामे रखडतात असे म्हणणाऱ्यांनी ते लक्षात घ्यावे.

वेळेचा हिशेब तर कुणीच आपल्या अंगावर घ्यायला तयार नाही. सुरुवातीला डिसेंबर २०२३ ची मुदत होती आणि १५ ऑगस्ट २०२२ पर्यंत गाडी धावावी अशी आशा जाहीरपणे बोलली गेली होती. नंतर संसदेत दिलेल्या उत्तरांत वापी ते साबरमती हा भाग डिसेंबर २०२७ आणि संपूर्ण मार्ग डिसेंबर २०२९ अशा तारखा आल्या. महाराष्ट्रातल्या विलंबाचे खापर केंद्राने उद्धव ठाकरे यांच्या सरकारवर फोडले, ज्या सरकारने २०१९ च्या अखेरीस प्रकल्पाचा फेरविचार करण्याचे सांगितले होते आणि २०२२ मध्ये जे पायउतार झाल्यावर परवानग्यांची चाके फिरली. निवडून आलेल्या सरकारला पाच हजार कोटींच्या गुंतवणुकीचा फेरविचार करण्याचा अधिकार नक्कीच आहे, पण त्या फेरविचारातून काय निघाले ते कागदावर मांडण्याचे कर्तव्यही त्याच अधिकाराबरोबर येते, आणि पुढच्या सरकारने तो बाजूला सारताना आपली कारणे सांगणे हेही तितकेच आवश्यक होते. नुसत्या आरोप-प्रत्यारोपांत विलंबामुळे वाढलेला खर्च कुणाच्या नावावर मांडायचा ते ठरत नाही.

वचन आणि वस्तू यांतला फरकही असाच सांगावा लागतो. जनतेला दाखवलेली गाडी ताशी ३२० किलोमीटर वेगाने धावणारी जपानी शिंकानसेन होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये बंगळुरूच्या बीईएमएल या सरकारी कंपनीला ताशी २८० किलोमीटर वेगाच्या रचनेच्या दोन गाड्या बनवण्याचे ८६६ कोटींहून अधिक रकमेचे काम देण्यात आले. देशात अशी गाडी घडणे ही अभिमानाची गोष्ट आहे. घणसोली ते शिळफाटा हा जवळजवळ पाच किलोमीटरचा बोगदा सप्टेंबर २०२५ मध्ये आरपार झाला आणि ठाणे खाडीखालून सुमारे सात किलोमीटर जाणाऱ्या बोगद्याचे काम तर भारतीय अभियंत्यांची परीक्षा पाहणारे आहे, तेही कौतुकाचे आहे. पण कर्ज ज्या तंत्रज्ञानाच्या नावाने घेतले त्यात बदल होत असेल तर किंमत, वेग आणि सुरक्षेच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय होतो, याचे एकत्रित निवेदन नागरिकाला मिळाले पाहिजे. बातम्यांचे तुकडे जोडत बसण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये.

जपानमध्येही पहिल्या शिंकानसेनचा हिशेब बिघडला होता. राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांनी संसदेपुढे खर्च मुद्दाम कमी दाखवला, १९६१ मध्ये जागतिक बँकेचे ८ कोटी डॉलरचे कर्ज घेऊन पुढच्या सरकारांना प्रकल्प सोडता येणार नाही अशी तजवीज केली, आणि खर्च जवळजवळ दुप्पट झाल्यावर १९६३ मध्ये ते आणि मुख्य अभियंता हिदेओ शिमा पदावरून दूर झाले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी जगाने वाखाणलेल्या त्या मार्गाच्या उद्घाटनाला दोघांनाही बोलावले गेले नाही. गाडी यशस्वी झाली म्हणून चुकीचा हिशेब माफ झाला नाही, ही त्यातली लक्षणीय बाब. ब्रिटनने ‘एचएस टू’ या आपल्या वेगवान रेल्वेच्या प्रगतीचा आणि खर्चाचा अहवाल दर सहा महिन्यांनी संसदेपुढे ठेवण्याची पद्धत लावली. त्यामुळे खर्च आटोक्यात राहिला असे नाही, तो भडकलाच आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मँचेस्टरकडचा टप्पा रद्द करावा लागला; पण रद्द करण्याचा निर्णय घेणाऱ्यांच्या आणि त्याला विरोध करणाऱ्यांच्या हाती तेच आकडे होते. शिवाय सरकारला नको झालेली जमीन आधी मूळ मालकाला देऊ करावी, असा संकेत त्या देशात १९५० च्या दशकापासून रूढ आहे आणि रद्द झालेल्या टप्प्यावरच्या जमिनींना तो लागू होतो.

हा शेवटचा मुद्दा अहिल्यानगर जिल्ह्याला थेट भिडतो. पुणे-नाशिक अर्ध-अतिवेगवान रेल्वे, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाची सुमारे २३५ किलोमीटरची आणि १६ हजार कोटींच्या खर्चाची रेल्वे, केंद्र आणि राज्य यांच्या भागीदारीतल्या महारेल या कंपनीने आखली होती. हवेली, खेड, आंबेगाव, जुन्नर, संगमनेर आणि सिन्नर या तालुक्यांत तिच्या मोजण्या झाल्या. मोबदल्याचा हिशेब शेतकऱ्यांना असा समजावून सांगितला गेला की बाजारमूल्य एक लाख धरले तर ग्रामीण भागाच्या गुणकाने ते दोन लाख, त्यावर तितकीच दिलासा रक्कम मिळून चार लाख, आणि वाटाघाटीने खरेदीखत करून दिले तर पंचवीस टक्के जादा, म्हणजे पाच लाख. झाडे, विहीर, पाइपलाइन यांचे मूल्यांकन वेगळे. या हिशेबावर विश्वास ठेवून मार्गावरच्या काही गावांत खरेदीखते झाली, तर अनेकांनी संयुक्त मोजणीनंतर आपल्या गटातून रेल्वे जाणार हे गृहीत धरून फळबाग लावणे, विहीर खोदणे, घर वाढवणे असे निर्णय लांबणीवर टाकले. त्यानंतर जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला रेल्वेच्या विद्युतचुंबकीय लहरींचा अडथळा होईल या कारणाने तो मार्ग मागे पडला आणि शिर्डी व अहिल्यानगर मार्गे जाणारा दुसरा पर्याय रेल्वे मंत्रालयाने पुढे केला.

दुर्बीण जपणे योग्यच आहे. परंतु ती विसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथे उभी आहे, आणि तिचा विचार मोजणीच्या खुणा शेतात रोवण्याआधी का झाला नाही, याचे उत्तर कुणाकडून घ्यायचे हे संगमनेरच्या शेतकऱ्याला ठाऊक नाही. २०१३ च्या कायद्याच्या १०१ व्या कलमानुसार संपादित जमीन पाच वर्षे वापरली गेली नाही तर ती मूळ मालकाला परत करावी किंवा शासनाच्या भूपेढीत जमा करावी लागते, आणि या दोहोंपैकी काय करायचे हे सरकार ठरवते. खरेदीखताने दिलेली जमीन तर या तरतुदीत सहजी बसतही नाही, कारण कागदोपत्री ती सक्तीने घेतलेली नसून स्वखुशीने विकलेली असते. ज्यांनी विरोध न करता आधी सहकार्य केले त्यांचे संरक्षण अशा रीतीने सर्वांत कमी ठरते. नव्या मार्गासाठी नगर जिल्ह्यात पुन्हा मोजण्या सुरू होण्याआधी जुन्या मार्गावरच्या प्रत्येक गावाच्या ग्रामसभेत महारेलने आणि महसूल खात्याने गटनिहाय यादी वाचून दाखवावी: कोणती जमीन विकत घेतली, किती पैसे दिले, सातबाऱ्यावर आज कुणाचे नाव आहे, ती परत मिळणार की नाही आणि कोणत्या भावाने. एका संध्याकाळी एका गावात होण्याजोगे हे काम आहे, त्याला नवा कायदा लागत नाही, आणि ते झाल्याशिवाय निंबळक किंवा पुणतांब्याच्या बाजूच्या शेतकऱ्यांकडून नव्या मोजणीला सहकार्याची अपेक्षा धरणे शासनाला शोभणारे नाही.